किंगाकहून इमिलिकला

किंगाक,
मार्चअखेर

प्रिय नवरोबा,

काल मी फोन तुझ्या तोंडावर आपटला. राग आला असेल तर येऊ दे, मला तुझ्याहून जास्त आलाय. माझ्या बहिणीला, सायलाला, मातीत ठेवून किती दिवस झाले आणि तुला आत्ता वेळ मिळाला. बरं, केलास फोन, जराशी रडलीस, तिथवर ठीक होतं. मीही रडले. पण मग तू म्हणालीस, "बायको, रागावू नकोस गं. किंगाक ते इमिलिक अंतर होतं तेवढंच आहे, फक्त मार्ग बदललाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमान कंपनीत नोकरी लागली म्हणून माणसानं असं बोलायचं? फोनवर मला नीट भांडता येत नाही, दम लागतो आणि शब्द मागेपुढे होतात. म्हणून बसून लिहिते आहे. कागदावर तरी "अगं, ऐक तर" म्हणून मला कुणी अडवणार नाही.

आधी एक सांग. ओटावातल्या तुझ्या मैत्रिणींना तू माझी ओळख "गावाकडची एक आजी" अशी करून देतेस म्हणे. तुझी आई लीतिया सहज बोलून गेली. आजी? कुणाची आजी? मी बायको आहे तुझी. माझा तुलुगाक खोकल्यानं गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत तू जन्मलीस, आणि जी रडायला लागलीस ती थांबेचना. लीतियानं दोन नावं लावून बघितली, तू आणखी मोठ्यानं रडलीस. मी आपली शेजारीण, डोळे सुजलेली, आत आले, तुझ्या कानाशी वाकून "तुलुगाक" म्हटलं, आणि तू गप्प. सगळ्या घरानं बघितलं. त्या दिवशी माझा नवरा परत आला. आपल्यात गेलेल्याचं नाव बाळानं घेतलं की तो माणूसच परत येतो; पोरगी होऊन आला तर आला, त्याचं कुणाला काय! तू रांगायचीस तेव्हा मी म्हणायचे, "अहो, आधी नाक पुसा." आणि तू, धड चालता येत नव्हतं तेव्हापासून, माझ्या दारात उभी राहून हाक मारायचीस, "बायको, खायला काय आहे?" पहिला सील मारलास तेव्हा मी गावभर सांगत फिरले की आमच्या ह्यांचा नेम अजून शाबूत आहे. तेव्हा आता मी तुला जे काही बोलणार आहे ते बायकोच्या हक्कानं. तो असा वागला असता तर त्यालाही सोडलं नसतं.

किंगाकहून इमिलिकला विमानानं तासही लागत नाही, हे तुला मी सांगायला हवं? माझ्या मांडीवर बसून कितीदा गेलीस. ते दोन पंख्यांचं छोटं विमान, पुढे आम्ही सात-आठ माणसं, मागे जाळीपलीकडे खोकी, आणि वैमानिक मागे वळून विचारायचा, "उलायुकबाई, पट्टा लावलात का?" नीट डुलकी लागतेय तोच खाली इमिलिकच्या तेलाच्या टाक्या दिसायच्या आणि चाकं खडीवर खडखडायची. कुंपणाशी सायला उभी. हवा कशीही असो, टोपी मागे टाकून उभी, कारण आपण आधी दिसलो पाहिजे ही तिची हौस. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला जन्म लोटला, पण त्या विमानामुळे ती लांब गेली असं मला कधी वाटलंच नाही. इथला डोंगर ओलांडून पलीकडच्या आळीत दिल्यासारखी वाटायची. आणि मला जमलं नाही तर माझे मासे जायचे. खोक्यावर नुसतं "सायला" लिहून धावपट्टीवर द्यायचं, की दुपारी तिच्या ताटात. परतीच्या विमानानं तिच्याकडचं कॅरिबू हरणाचं मांस यायचं. त्यातला मऊ तुकडा कुणाला जायचा, आठवतं ना? तुला जायचा.

मग गेल्या सप्टेंबरात तू आलीस. कंपनीच्या त्या उंच साहेबाबरोबर, नव्या बुटांत. सभागृहात कॉफी आणि बिस्किटं, भिंतीवर नकाशा. मी पहिल्या रांगेत बसले होते, मिरवत. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हटलं, "गप्प बस, आमचे हे बोलणार आहेत." आणि आमचे हे बोलले! काय तर म्हणे, थेट विमानात जागा रिकाम्या जातात, तेव्हा ते बंद. आता किंगाकच्या माणसानं इमिलिकला जायचं तर आधी तीन तास दक्षिणेला इकालुइत शहरात उतरायचं, तिथे मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या विमानानं तेवढंच परत वर यायचं. तेही हवा बरी असेल तर. म्हातारा जोआनासी उठला आणि म्हणाला, "पोरी, शेजारणीकडे चहाला जायचं तर मी आधी ओटावाला जाऊन येऊ का?" सगळे हसले. तूही हसलीस. मला वाटलं होतं तुझी मान खाली जाईल.

मी विचारलं, आठवत असेल, "आणि खोकी? मागची जागा तर खच्चून भरलेली असते." तू साहेबाला अर्धंमुर्धं सांगितलंस, तो काहीतरी बोलला आणि तू मला म्हणालीस, "बायको, माल इकालुइतवरून जाईल." माल! अगं, तो माल आहे का? मी जाऊ शकत नाही तेव्हा माझे मासे जातात, आणि सायला ते खाते तेव्हा मी तिच्याकडे जेवायला बसलेली असते. हे काय त्या साहेबाला कळणार नाही, मी समजू शकते. तो बिचारा दुकानातलं डबाबंद खाऊन वाढला. पण तू? तुम्ही बसलेली माणसं मोजलीत आणि म्हणालात कुणी जात नाही. त्या विमानातून सगळं गाव जात-येत होतं, नवरोबा. तुला ते माहीत होतं आणि तू तोंड उघडलं नाहीस. मला राग आहे तो याचा. चुकणाऱ्याला मी माफ करते, पण तुला कळत होतं.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहिते. थंडी सुरू होता होता सायलाच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातल्या नर्सनं तिला दक्षिणेला पाठवलं, तिथे पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवलं. डॉक्टर म्हणाले राहा, औषधं देऊ. ही म्हणाली, "तुमच्या पातळ सूपनं मरण्यापेक्षा मी घरी मरते," आणि आली इमिलिकला. तिथून मला निरोप, "ये. येताना इगुनाक आण." तुझं नाक आता ओटावाचं झालंय, तरी वास आठवत असेल. तिच्याकडे वॉलरस मिळत नाही, आणि खडीखाली पुरून आंबवलेलं आपलं इथलं मांस तिला जिवापेक्षा प्यारं. मला जायचं होतंच. तिच्या उशाशी बसून तिला एक सांगायचं होतं, जे आयुष्यभर राहून गेलं. काय ते तू विचारू नकोस.

माझा भाचा जेपीटी म्हणाला होता, "आत्या, स्लेजवर गुंडाळून नेतो तुला, स्नोमोबाइल नवीन आहे माझी." माझ्या कंबरेचं सोड, मी तयार झाले असते. पण मधल्या सामुद्रधुनीत यंदा बर्फ धरलाच नाही, काळं पाणी वाफाळत होतं. तेव्हा निघाले तुझ्या मार्गानं. पिशवीत तीन थर गुंडाळलेलं इगुनाक. इकालुइतच्या प्रवासी वसतिगृहात पोचले तर तिथली बाई म्हणते, "फ्रिजमध्ये काय मेलंय?" मी म्हटलं, "वॉलरस मेलाय, तुझं काय गेलं?" तिनं पिशवी उचलून बाहेर बर्फात ठेवली. मी रात्री उठून दोनदा बघून आले, कुत्र्यांनी नेली तर काय घ्या. आपल्या छोट्या विमानात कुणी कधी नाक मुरडलं होतं का? फार तर वैमानिक म्हणायचा, "सायलाबाईंची मजा आहे आज."

दुसऱ्या दिवशी मोठं विमान निघालं. मी खिडकीशी, पिशवी पायाशी, आणि मांस ऊब लागून आपलं अस्तित्व दाखवतंय. तीन तासांनी इमिलिकवर आलो तर खाली धुकं. एक घिरटी घातली, दुसरी घातली. पंख कलला तेव्हा मला वाटलं आता उतरतोय. मग विमान वर उचललं आणि घोषणा झाली, परत फिरतोय. पुढे ऐक, हे तुला माहीत नसेल. सायलानं आवाज ऐकला. अंथरुणातून मान उचलून मुलाला म्हणाली, "मोसेसी, आली ती. जा, पिशवी जड असेल तिची." तो जाकीट घालून धावला. धावपट्टीवर उभा राहिला आणि आमचा आवाज दक्षिणेला जाताना ऐकत राहिला. घरी येऊन आईला काय सांगायचं म्हणून तो बिचारा कितीतरी वेळ बाहेर बर्फ उपसत बसला.

आणि धुकं त्याच दुपारी उठलं! लख्ख ऊन पडलं इमिलिकला. तुझं ते बंद केलेलं विमान असतं तर काय झालं असतं, सांगू? वैमानिक किंगाकला परत आला असता, आम्ही सगळे घरी जाऊन चहा प्यायलो असतो, इमिलिकहून हवा निवळल्याचं कळलं असतं, आणि संध्याकाळच्या आत त्यानं आम्हाला पुन्हा नेऊन सोडलं असतं. कितीदा केलंय त्यांनी तसं. जवळच्याला परत फिरता येतं, लांबच्याला येत नाही, इतकं साधं आहे ते. मोठं विमान इकालुइतला गेलं ते गेलं, पुढची फेरी आणखी दोन दिवसांनी. तिकीट-खिडकीवरच्या पोरीला मी म्हटलं, "बाई, माझी बहीण मरतेय." ती म्हणाली, "सॉरी, यादीत तुमचा नंबर पहिला ठेवते." गुणी होती पोर. तिच्यावर ओरडून काय करू, तिनं थोडंच ते विमान बंद केलं होतं? म्हणून तिच्यासमोर मी तोंड मिटून उभी राहिले, आणि ते सगळं आता तुझ्यावर निघतंय.

त्या संध्याकाळी फोन केला. सायलाला हातात धरवेना म्हणून मोसेसीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. खोलीत सून, नातवंडं, शेजारी, पाद्री, सगळे. माझा आवाज सगळ्यांना ऐकू जातोय आणि मागून कुणीतरी म्हणतंय, "उलायुक का? तिला म्हणावं आमचा नमस्कार." आता तिथे मी ते कसं बोलणार? मी आपली इगुनाकची गोष्ट सांगितली, वसतिगृहातल्या बाईची नक्कल केली. ती हसली. आणखीही एक बोलणं झालं आमचं, ते शेवटी लिहिते. फोन ठेवताना ती म्हणाली, "सावकाश ये, मी आहे." नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये बटाट्याचे काप चिवडत होते तेव्हा मोसेसीचा फोन आला.

मी बाहेर गेले, बर्फातून पिशवी काढली, पायरीवर बसले आणि इगुनाक कापलं. एका टॅक्सीवाल्यानं गाडी थांबवली, बघतो तर तो इमिलिकचाच, सायलाच्या दिराचा मुलगा. शेजारी येऊन बसला आणि त्यानं हात पुढे केला. मग वसतिगृहातून दोघी म्हाताऱ्या आल्या, डॉक्टरकडे आलेल्या, मला अनोळखी. त्यांनीही खाल्लं. तिच्या वाटचं मांस आम्ही चौघांनी संपवलं आणि मी त्या पायरीवर बसून तुला इतक्या शिव्या दिल्या की टॅक्सीवाला म्हणाला, "काकू, हा तुलुगाक कोण मेला?" मी म्हटलं, "माझा नवरा." तो म्हणाला, "मग बरोबर आहे."

मी इमिलिकला पोचले तेव्हा पुरून झालं होतं. थांबणार तरी किती, हवा पुन्हा बिघडत होती. तिचा पलंग सुटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्या जागी पोरं गाड्या खेळत होती. मी तिथेच जमिनीवर बसले. सुनेनं चहा दिला, मोसेसी माफी मागत राहिला, त्याचा काय दोष? येताना पुन्हा इकालुइत, पुन्हा तीच बाई. या खेपेला तिनं न विचारता मला खिडकीजवळची खाट दिली.

आता, हा कागद ज्यासाठी हातात घेतला ते. त्या फोनवर सायला म्हणाली, "मी तुलुगाककडे जाणार. तिला मे महिन्यात बाळ व्हायचंय, माझं ठरलंय." तू गरोदर आहेस हे मला असं कळलं! नवऱ्याची बातमी बायकोला सगळ्यांच्या शेवटी. मी भडकले. म्हटलं, "तिच्याकडे? जिनं तुझं-माझं विमान बंद केलं तिच्याकडे जातेस?" ती खोकला येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "तिच्याकडे जायला विमान लागत नाही." खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हा म्हातारीनं बनवून सांगितलं असं म्हणू नकोस. काल हेच सांगायचं होतं, पण तुझं ते "अंतर तेवढंच" आडवं आलं. तर ऐक. मुलगा होऊ दे की मुलगी, नाव सायला. माझा नवरा माझ्या बहिणीची आई होणार, याला हसावं की रडावं मला कळत नाही, पण ती तुझ्याकडे येतेय म्हणजे तिनं तुला माफ केलंय. मी केलेलं नाही. माझं मी बघेन, त्याला वेळ लागेल. तू फक्त एवढं कर. बाळ झालं की त्याला पुसायच्याही आधी, लीतियाला कळवायच्याही आधी मला फोन लाव. मोठ्या आवाजावर ठेवू नकोस. तिच्या कानाला लाव आणि तू तोंड दुसरीकडे कर. मला माझ्या बहिणीशी बोलायचं आहे.

तुझीच, अजून रागावलेली बायको,
उलायुक